स्वस्त एसएमपीएस, पण कशात स्वस्त?

"सहाशेचा टाकू की तीन हजारांचा?"

डेस्कटॉपचा एसएमपीएस जळाला की उमरेडच्या दुकानात पहिला प्रश्न हाच निघतो. विचारणारा कधी झेरॉक्सवाला असतो, कधी आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा, कधी एमएस-सीआयटीच्या क्लासचा मालक, तर कधी घरच्यांच्या मागे लागून गेमिंगसाठी कॉम्प्युटर पदरात पाडून घेतलेला बारावीचा मुलगा. उत्तरही बहुतेक ठरलेले: "साडेचारशे वॅटचा आहे भाऊ, चालून जाते." आणि चालूनही जाते. फेब्रुवारीत बसवलेला सहाशेचा डबा एप्रिलपर्यंत तक्रारीला जागा देत नाही. मग मे उजाडतो. घरोघरी कूलर लागतात, दुपारी व्होल्टेज खाली येते, वीज क्षणभर जाऊन परत येते आणि मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागते.

स्वस्त वस्तू घेण्यात काहीच गैर नाही. फसगत होते ती कारखान्याने नेमकी कशात बचत केली आहे हे न पाहता घेतल्यामुळे. एका डब्यात दिखाऊपणाला कात्री लावलेली असते. दुसऱ्यात फिल्टर, कपॅसिटर आणि संरक्षणाचे सर्किटच वगळलेले असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि चांगल्या दिवशी सारखेच चालतात. म्हणून एसएमपीएस निवडताना प्रश्न असा विचारायचा: वाईट दिवशी हा काय करील?

१. हा डबा करतो काय?

महावितरणकडून घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी, म्हणजे एसी असते. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना मात्र एका दिशेने वाहणारी डीसी वीज लागते, तीही अगदी थोड्या व्होल्टची. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि पंख्यांसाठी १२ व्होल्ट, यूएसबी आणि काही ड्राइव्हसाठी ५ व्होल्ट, मदरबोर्डवरच्या काही चिप्ससाठी ३.३ व्होल्ट. हे रूपांतर करतो तो एसएमपीएस, म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय.

तो हे काम टप्प्याटप्प्याने करतो. आत येणारी वीज आधी फिल्टरमधून जाते. मग तिची डीसी होते आणि ती एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. इथे व्होल्टेज २३० राहत नाही, सुमारे ३२५ होते. चांगल्या प्रतीच्या एसएमपीएसमध्ये तर ३८० ते ४०० पर्यंत जाते. हा कपॅसिटर वायर काढल्यावरही काही काळ भरलेला राहू शकतो. म्हणून एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरीही.

पुढचा टप्पा स्विचिंगचा. ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. वेग इतका जास्त असल्यामुळे मुठीत मावेल एवढा छोटा ट्रान्सफॉर्मर पुरतो. शेवटी ती पुन्हा डीसी करून, गाळून, १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांवर सोडली जाते.

इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकाने या व्होल्टेजला पाच टक्क्यांची मोकळीक दिली आहे. १२ व्होल्टची तार ११.४ च्या खाली किंवा १२.६ च्या वर जाता कामा नये. शिवाय या डीसी विजेवर जी बारीक थरथर उरते, म्हणजे रिपल, तिलाही मर्यादा आहे: १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट, ५ आणि ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्ट. थरथर वाढली की कॉम्प्युटर लगेच बंद पडेलच असे नाही, पण मदरबोर्डवरचे कपॅसिटर हळूहळू थकतात आणि मशीन अधूनमधून लटकायला लागते.

२. मला किती वॅट लागतील?

लोकांना वाटते त्यापेक्षा बरेच कमी. दोन हिशेब करून पाहू.

पहिले उदाहरण सेवा केंद्रातल्या मशीनचे. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, त्यातच ग्राफिक्स, एक एसएसडी, दोन रॅम. हा प्रोसेसर पूर्ण जोरात चालला तरी साधारण ८८ वॅट घेतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, कीबोर्ड आणि बायोमेट्रिक यंत्र मिळून आणखी ५० धरू. बेरीज १३८. फॉर्म भरणे, प्रिंट देणे अशा रोजच्या कामात हा आकडा याच्या निम्म्यावरही जात नाही.

दुसरे उदाहरण गेमिंगचे. इंटेल आय५-१२४००एफ जास्तीत जास्त ११७ वॅट, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड ११५ वॅट, बाकी सगळे ६० वॅट. बेरीज २९२. ग्राफिक्स कार्ड क्षणभर उसळी घेते, त्यासाठी वर जागा ठेवली तर खरा ४५० वॅटचा पुरतो. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० सुचवते, आणि पुढे कार्ड बदलायचे असेल तर ते बरेच.

"खरा" हा शब्द इथे महत्त्वाचा. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० या ऑफिसच्या छोट्या मॉडेलमध्ये कंपनीने २४० वॅटचा सप्लाय दिला होता. असे जुने डेस्कटॉप रिफर्बिश्ड म्हणून आजही सर्रास विकले जातात आणि त्याच सप्लायवर आय५ प्रोसेसर निवांत चालवतात. तिकडे ४५० छापलेला सहाशेचा डबा त्यांच्याहून हलक्या कामाला धापा टाकतो. कारण छापील आकडा आणि मिळणारी वीज यांत अंतर असते.

मॉनिटर आणि प्रिंटर या हिशेबात धरायचे नाहीत. ते थेट भिंतीतल्या प्लगवरून चालतात.

३. लेबल वाचायला शिका

एसएमपीएसच्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो. बहुतेक लोक त्यातला सगळ्यात मोठा आकडा वाचतात. वाचायचा असतो तो १२ व्होल्टच्या रकान्यातला अँपिअरचा आकडा. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, एवढे गणित पुरे.

समजा एका डब्यावर ४५० वॅट छापले आहे आणि १२ व्होल्टखाली १४ अँपिअर लिहिले आहे. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. आजच्या कॉम्प्युटरचा जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवरच असतो, त्यामुळे तुमच्यासाठी हा १६८ वॅटचा सप्लाय झाला. दुसऱ्या डब्यावरही ४५० च आहे, पण १२ व्होल्टखाली ३६ अँपिअर लिहिले आहे. १२ गुणिले ३६ म्हणजे ४३२. हा खरा साडेचारशेचा.

पहिल्या लेबलवर ५ आणि ३.३ व्होल्टचे आकडे मात्र भरघोस दिसतील. त्याला इतिहास आहे. नव्वदच्या दशकात प्रोसेसर ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांवरून वीज घेत. २००० मध्ये पेंटियम ४ आला, त्याच्यासाठी १२ व्होल्टची चार पिनांची वेगळी वायर आली आणि भार १२ व्होल्टकडे सरकला. स्वस्त कारखान्यांनी आराखडा जुनाच ठेवला आणि बाहेरचे स्टिकर तेवढे बदलले.

लेबलवर १२ व्होल्टचे दोन रकाने असले तर दोन्हींची सरळ बेरीज करू नका. खाली एकत्रित कमाल वॅट दिलेले असतात, ते धरा. एकत्रित आकडाच छापलेला नसेल तर तो डबा खाली ठेवा.

४. ८० प्लस म्हणजे काय आणि काय नाही

२००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही प्रमाणपत्राची योजना एकाच गोष्टीचे मोजमाप करते: प्लगमधून घेतलेल्या विजेपैकी किती वीज कॉम्प्युटरपर्यंत पोचते. उरलेली उष्णता होऊन जाते. साध्या ८० प्लसमध्ये २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के वीज पोचली पाहिजे. ब्राँझमध्ये हेच आकडे ८२, ८५ आणि ८२ आहेत. ही मापे अमेरिकेतल्या ११५ व्होल्टवरची. आपल्या २३० व्होल्टवर कार्यक्षमता सहसा थोडी वरच असते.

पैशाच्या भाषेत पाहू. कॉम्प्युटरला १०० वॅट लागतात. ७० टक्के कार्यक्षमतेचा डबा त्यासाठी प्लगमधून १४३ वॅट ओढतो, ८० टक्क्यांचा १२५. फरक १८ वॅटचा. दुकान रोज ८ तास, वर्षात ३०० दिवस चालले तर २,४०० तास होतात आणि वर्षाला ४३ युनिट वाचतात. युनिट १० रुपयांचे धरले तर ४३० रुपये. दुकानाला हा आकडा दखल घेण्याजोगा आहे. घरी रोज दोन तास वापरणाऱ्याला तो शंभराच्या आसपास बसेल. त्याने यासाठी गोल्डसारख्या वरच्या पायरीच्या मागे धावू नये.

८० प्लस मात्र व्होल्टेज किती स्थिर आहे, रिपल किती आहे, संरक्षणाची सर्किटे वेळेवर चालतात का, हे सांगत नाही. शिवाय ही चाचणी २३ अंश तापमानाच्या आसपास घेतली जाते. उमरेडच्या मे महिन्यात २३ अंश पहाटेही दिसत नाहीत.

तरीही या शिक्क्याचा एक आडवळणाचा फायदा आहे. अगदी जुनाट आराखड्याने ८० टक्के गाठणे अवघड, त्यामुळे शिक्का खरा असेल तर सगळ्यात वाईट माल आपोआप गळतो. शिक्के खोटेही छापले जातात, म्हणून ८० प्लसच्या अधिकृत यादीत मॉडेल क्रमांक शोधून पाहावा. सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही प्रयोगशाळाही अशी प्रमाणपत्रे देते आणि तिचे चाचणी अहवाल कोणालाही पाहता येतात. त्यांत व्होल्टेज आणि रिपलची मापेसुद्धा असतात.

५. विदर्भाचा उन्हाळा आणि कपॅसिटरचे आयुष्य

एसएमपीएस आधी म्हातारा होतो तो कपॅसिटरपाशी. आतला द्रव उष्णतेने हळूहळू सुकत जातो. हे कपॅसिटर दोन प्रतींचे मिळतात: ८५ अंशांचे आणि १०५ अंशांचे. त्यांच्या आयुष्याचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते, १० अंशांनी चढले की निम्मे.

दोन्ही प्रतींना त्यांच्या कमाल तापमानावर २,००० तासांचे आयुष्य दिले आहे असे समजू, आणि डब्याच्या आत ६५ अंश तापमान आहे असे धरू. ८५ वाला त्याच्या मर्यादेपेक्षा २० अंश खाली आहे, म्हणजे दोनदा दुप्पट: ८,००० तास. १०५ वाला ४० अंश खाली, म्हणजे चारदा दुप्पट: ३२,००० तास. वर्षाला २,४०० तास चालणाऱ्या दुकानात पहिला सव्वातीन वर्षांत दमतो, दुसरा तेरा वर्षे काढतो. आता खोलीच १० अंशांनी तापली तर दोन्ही आकडे निम्मे करा. नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणे नेहमीचेच, आणि टिनाच्या छपराखालचे दुकान त्याहून तापते. अशा ठिकाणी ८५ अंशांचे कपॅसिटर दोन उन्हाळ्यांत माघार घेतात.

म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधायच्या. एक, १०५ अंशांचे कपॅसिटर आहेत का. दुसरी, छापील वॅट किती तापमानावर मिळण्याची हमी आहे. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंश लिहितात. काही नुसते २५ अंश लिहितात आणि काही काहीच लिहीत नाहीत. अशा डब्याकडून उन्हाळ्यात पूर्ण वॅटची अपेक्षा ठेवू नये.

कूलरचेही सांगायला हवे. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा गार असते, पण दमट असते, आणि उमरेडसारख्या कोळसा खाणीच्या गावात तिच्याबरोबर धूळही येते. दमट धूळ पंख्याच्या पात्यांवर चिकटून बसते, जाळी बुजते आणि डबा आतून आणखी तापतो. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. पाडव्याच्या सुमारास कूलर काढता, त्याच दिवशी कॅबिनेटही ब्लोअरने साफ करा. मशीन बंद, प्लग बाहेर, आणि हवा मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरा. ते जोराने गरगर फिरले तर त्याची बेअरिंग खराब होते.

६. वीज क्षणभर गेली तर

दिवा नुसता लुकलुकतो आणि कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो, हा अनुभव सगळ्यांचा. यामागे पहिल्या विभागातला मोठा कपॅसिटर आहे. तो घरावरच्या टाकीसारखा असतो: नळ गेला तरी टाकीत पाणी असेतोवर खालची तोटी चालू राहते. मानकानुसार मोठ्या भारावरही ही साठवण सुमारे १६-१७ मिलिसेकंद पुरली पाहिजे. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे जवळपास एका आवर्तनाची बेगमी झाली. भार निम्मा असेल तर हा वेळ साधारण दुप्पट होतो. स्वस्त डब्यात हा कपॅसिटर छोटा बसवून पैसे वाचवलेले असतात.

यूपीएस घेणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. साधा यूपीएस वीज गेल्यावर बॅटरीवर यायला ४ ते १० मिलिसेकंद घेतो. चांगला एसएमपीएस तेवढा वेळ सहज काढतो, कमजोर मात्र त्याआधीच मान टाकतो. मग लोक यूपीएस बदलतात, आणि दोष तिथेच राहतो. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचे बटण आहे का पाहा. त्या मोडमध्ये बदल जलद होतो.

यूपीएसच्या आकड्यातही गोम आहे. ६०० व्हीए छापलेला यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. सेवा केंद्रातले १३८ वॅटचे मशीन प्लगमधून १७५ च्या आसपास घेईल, मॉनिटरचे २५ धरले तर २००, म्हणजे पुरेसा. गेमिंगचे २९२ वॅटचे मशीन मॉनिटरसह ३६० ओलांडते. त्याला १,००० व्हीएच्या पुढचा लागेल. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावायचा नाही. कागदावर शाई पक्की करणारा त्याचा हीटर एका दमात इतकी वीज ओढतो की यूपीएस बसतो.

आणखी एक खूण: एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० असे लिहिलेले लाल बटण दिसले तर आराखडा जुना, हे समजा. नव्या आराखड्यात ॲक्टिव्ह पीएफसी नावाचे सर्किट असते. ते कमी-जास्त व्होल्टेज स्वतःच सांभाळते आणि अनेक मॉडेल १०० ते २४० व्होल्टवर चालतात. दुपारी व्होल्टेज १८० वर उतरणाऱ्या वस्तीत त्याची किंमत कळते. मात्र काही ॲक्टिव्ह पीएफसीवाल्यांचे चौकोनी लहर देणाऱ्या अगदी स्वस्त यूपीएसशी जमत नाही. दोन्ही नवे घेणार असाल तर दुकानातच जोडून, प्लग काढून बघा.

७. संरक्षण: न दिसणारा खर्च

चांगला एसएमपीएस बिघडला तर एकटा मरतो. वाईट एसएमपीएस जाताना मदरबोर्ड आणि हार्डडिस्क सोबत नेतो. हा फरक संरक्षणाच्या सर्किटांचा. व्होल्टेज वाढले की बंद, घटले की बंद, करंट जास्त झाला की बंद, एकूण वॅट मर्यादेबाहेर गेले की बंद, शॉर्ट झाले की बंद, तापले की बंद. लेबलवर किंवा खोक्यावर ही ओव्हीपी, यूव्हीपी, ओसीपी, ओपीपी, एससीपी, ओटीपी अशी आद्याक्षरांत छापतात. बजेटमध्ये सहाही मिळतीलच असे नाही. पण ओव्हीपी, ओपीपी आणि एससीपी या तिन्हींवर तडजोड करू नका.

छापलेले संरक्षण योग्य वेळी लागणेही महत्त्वाचे. गिगाबाइट कंपनीची पी७५०जीएम आणि पी८५०जीएम ही दोन मॉडेल ८० प्लस गोल्डची होती. परीक्षकांच्या चाचण्यांत त्यांतले काही नग जळाले. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने निवेदन काढले: ओपीपी १२० ते १५० टक्के भारावर लागत होते, ते ११० ते १२० टक्क्यांवर आणले आहे, आणि ठरावीक उत्पादन क्रमांकांचे नग बदलून मिळतील. नाव मोठे, शिक्का सोन्याचा, तरी ही वेळ आली. यावरून घ्यायचे ते एवढेच, की ब्रँड पाहून थांबू नये, मॉडेल पाहावे. बहुतेक ब्रँड एसएमपीएस स्वतः बनवतच नाहीत. वेगवेगळ्या कारखान्यांकडून बनवून घेतात, आणि एकाच ब्रँडच्या दोन मालिकांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

आत येणाऱ्या विजेचा फिल्टर ही बचतीची दुसरी लाडकी जागा. मागच्या जाळीतून टॉर्च मारून प्लगच्या सॉकेटजवळचा भाग पाहा. चांगल्या सप्लायमध्ये तिथे तांब्याच्या तारेची वेटोळी आणि चौकोनी कपॅसिटर दाटीने बसलेले दिसतात. वाईट सप्लायमध्ये त्यांच्या जागा बोर्डवर आखलेल्या असतात, पण रिकाम्या, किंवा वेटोळ्याच्या ठिकाणी तारेचा नुसता तुकडा डागून जोडलेला. डबा न उघडता दिसणारा हा सगळ्यात बोलका पुरावा.

आकाशातली वीज मात्र कोणताही एसएमपीएस अडवू शकत नाही. मृगाच्या तोंडावर गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायचा आणि इंटरनेटची वायरही काढायची, कारण ती लाट त्या वायरीतूनही येते.

८. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या का येतात?

अर्थिंग नाही म्हणून. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरची घाण डब्याच्या पत्र्यावर सोडतात. पत्र्यावरून ती तिसऱ्या पिनेने जमिनीत जावी अशी रचना आहे. तिसरी पिन कुठेच जोडलेली नसेल तर पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी किरकोळ, म्हणून फक्त झिणझिण्या. पण खरोखर बिघाड होऊन फेज पत्र्याला टेकली तर तीच पिन जीव वाचवते. दोन पिनांचा जुगाड करून कॉम्प्युटर लावू नये, आणि झिणझिण्या येतात म्हणून नवा एसएमपीएसही घेऊ नये. आधी इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात तो कोरडा पडतो; त्यात अधूनमधून पाणी घालावे लागते.

९. दुकानात काय पाहायचे?

उमरेडला घ्या किंवा नागपूरच्या सीताबर्डीला जा, तपासणी सारखीच.

हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवणे ही चाचणी समजू नका. त्यातून एसएमपीएस सुरू होतो एवढेच कळते. भाराखाली काय होईल ते कळत नाही. मशीनला जोडून, काहीतरी जड काम चालू ठेवून, पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मल्टिमीटर लावायला सांगा. ११.४ ते १२.६ च्या आत राहिले तर पुढे बोलू.

वायरवर बारीक अक्षरांत जाडीचा क्रमांक छापलेला असतो. १८ असेल तर उत्तम. २० किंवा २२ म्हणजे तार बारीक. इथे आकडा वाढला की जाडी घटते.

भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. मानक आयएस १३२५२. बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकला की कंपनीचे नाव येते. ही नोंदणी सुरक्षिततेची आहे, ताकदीची नव्हे. पण क्रमांकच बनावट निघाला तर बाकीच्या लेबलवर विश्वास कसला ठेवायचा?

वॉरंटी किमान तीन वर्षांची घ्या, पक्क्या बिलावर. बदलून कोण देणार आणि कुठे, तेही विचारा. "दुकानातच बघू" या शब्दावर वॉरंटी टिकत नाही.

रिफर्बिश्ड डेल, एचपी किंवा लेनोवो असेल तर आधी जुना सप्लाय काढून सोबत न्या. यांतल्या अनेक मॉडेलमध्ये मदरबोर्डचे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असतात आणि डब्याचा आकारही वेगळा. बाजारातला एटीएक्स तिथे बसत नाही. त्यांना त्याच क्रमांकाचा मूळ सप्लाय शोधणे चांगले. सुट्या भागांच्या मशीनमध्ये मात्र जुना, वॉरंटी संपलेला एसएमपीएस घालू नका. आतले कपॅसिटर किती सुकलेत हे बाहेरून दिसत नाही.

१०. मग वाचवायचे कुठे?

पुष्कळ ठिकाणी. सुट्या होणाऱ्या केबल नकोत. कायमच्या जोडलेल्या केबल मागे बांधून ठेवता येतात. रंगीत दिवे नकोत. गोल्ड आणि प्लॅटिनम शिक्के या बजेटला नकोत. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ६५० वॅट नकोत. या चार गोष्टी सोडल्या की निम्मी किंमत उतरते आणि सुरक्षिततेला धक्का लागत नाही. फिल्टर, १०५ अंशांचे कपॅसिटर, संरक्षण आणि वॉरंटी यांवर मात्र एक रुपयाही वाचवू नका.

किमती वर-खाली होतात, पण ढोबळ चित्र असे. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या ऑफिस मशीनला ४०० ते ४५० वॅटचा, खऱ्या ८० प्लसचा सप्लाय दोन हजारांच्या आसपास मिळतो. आरटीएक्स ४०६० सारख्या कार्डाला ५५० वॅटचा ब्राँझ, तीन ते चार हजारांचा. याच्या वरचा खर्च सुरुवातीला गरजेचा नाही, याच्या खालचा परवडत नाही.

न परवडण्याचे गणित झेरॉक्सवाल्याच्या वहीत मांडता येते. सहाशे आणि दोन हजार यांतला फरक १,४०० रुपये. तीन वर्षांच्या वॉरंटीत वाटला तर महिन्याला ३९. चौथ्या विभागातल्या हिशेबाने वर्षाला ४३० रुपयांची वीज वाचते, म्हणजे तीन वर्षांत १,२९०. फरक जवळपास विजेच्या बिलातच फिटला. संरक्षण वरकड मिळाले. सहाशेचा डबा फक्त एकाच हिशेबात स्वस्त ठरतो: तो ज्या दिवशी विकत घेतला, त्या दिवसाच्या.